मंडळीच्या तोंडी बसेल असं गीत

तुझा प्रश्न थोडक्यात असा. युवक संघात तू गिटार वाजवतेस. आजवर हिंदी आणि इंग्रजी गीतांची मराठी रूपं गायलीस, आता स्वतः काही मराठी उपासनागीतं केली आहेस. रविवारी ती म्हटली की मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, लोक मन लावून ऐकतात, उपासनेनंतर येऊन कौतुक करतात, पण सोबत कुणी गात नाही आणि थोड्याच दिवसांत ती गीतं मागे पडतात. ही कला शिकायची कुठे, असं तू विचारलंस.

तू पाठवलेली गीतं मी वाचली आणि पेटीवर म्हणूनही पाहिली. त्यांत भक्ती खरी आहे, भाषाही तुझ्या हाताशी आहे. अडचण एवढीच की ती एका गळ्यासाठी लिहिली आहेत, तुझ्या. उपासनागीत लिहिणारा माणूस दुसऱ्यांच्या तोंडी प्रार्थना देत असतो. मागच्या बाकावरच्या आजीला वाचता येत नाही. कुणी शेजारी पहिल्यांदाच चर्चमध्ये आलेला असतो. दहावीतल्या मुलाचा आवाज नुकताच फुटलेला असतो. या सगळ्यांना तुझी ओळ दुसऱ्यांदा ऐकताच म्हणता आली पाहिजे आणि म्हणताना ती स्वतःची वाटली पाहिजे. या कामातलं सगळं तंत्र ह्यासाठी आहे. या विषयाचा वेगळा अभ्यासक्रम शोधत बसू नकोस. मराठीत शिकण्याची साधनं भरपूर आहेत, आणि त्यातली बरीचशी तुझ्या घरातच असतील.

पहिलं साधन म्हणजे अभंग. तो आपल्याला कुणाकडून उसना आणावा लागला नाही. कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली झाला. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणत. त्यांच्याआधीच अहमदनगरच्या मंडळ्यांत कृष्णराव सांगळे यांच्यासारखे लोक पदं आणि कीर्तनं रचत होते, पेटी-मृदंगावर गात होते. त्याच्याही कितीतरी आधी, 1616 साली, गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं. जवळजवळ अकरा हजार ओव्या! इंग्लंडात जन्मलेल्या त्या जेझुइटाला ख्रिस्ताची कथा मराठी माणसाच्या कानात उतरवायची होती, म्हणून त्यांनी ओवी निवडली, कारण ती लोकांच्या कानात आधीपासूनच घर करून होती. चारशे वर्षांनी आपल्यालाही तोच विचार करायचा आहे.

मोठ्या अभंगाचं माप सोपं आहे. चार चरण, पहिल्या तिघांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक जुळतं. छोट्या अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण आणि शेवटी यमक. इथे मात्रा मोजायच्या नाहीत, अक्षरं मोजायची. ऱ्हस्व-दीर्घ गाणारा आपल्या चालीप्रमाणे ओढून घेतो. ह्यातला मोठा फायदा नवशिक्याच्या लवकर लक्षात येत नाही: मापात बसलेला कुठलाही मोठा अभंग दुसऱ्या मोठ्या अभंगाच्या चालीवर म्हणता येतो. म्हणजे तुझं नवं गीत मंडळीला पाठ असलेल्या चालीवर पहिल्याच रविवारी गाता येईल. शब्द नवे आणि चालही नवी, असं दुहेरी ओझं लोकांवर पडत नाही. इंग्रजी स्तोत्रपुस्तकांतही ही सोय आहे. 8-6-8-6 अशा अक्षरांच्या मापाचं गीत त्याच मापाच्या दुसऱ्या चालीवर गातात.

एक कडवं उदाहरणासाठी रचून दाखवते. आधार बायबलमधल्या प्रकटीकरण 3:20 चा, जिथे प्रभू दाराशी उभा राहून ठोकतो आणि म्हणतो, दार उघडलंस तर मी आत येऊन तुझ्याबरोबर जेवीन.

उंबऱ्याशी माझ्या
थांबलास देवा
हातामध्ये दिवा
तुझ्या होता

मोजून बघ: सहा, सहा, सहा, चार. आता पुढचं कडवं असं सुचलं समज:

अंधाऱ्या जीवनी
प्रकाश तू दिला
आनंदच झाला
तुझ्यामुळे

माप बरोबर आहे, यमकही आहे, आणि तरी कडवं पडलं आहे. का, ते नीट बघ, कारण तुझ्या गीतांतली निम्मी कडवी ह्याच जातीची आहेत. 'आनंदच' मधला 'च' फक्त सहावं अक्षर भरायला आला आहे. 'दिला', 'झाला' हे क्रियापदांचं यमक आहे. मराठीत वाक्य क्रियापदावर संपतं म्हणून ते आपोआप जुळतं, कवीला कष्ट पडत नाहीत आणि ऐकणाऱ्याला काही मिळत नाही. आणि 'अंधारं जीवन', 'प्रकाश', 'आनंद' हे शब्द इतक्या गीतांत इतक्या वेळा येऊन गेले आहेत की म्हणणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काहीच उभं राहत नाही. आता वचनाकडे परत जाऊ. वचनात जेवण आहे. मग असं म्हणून पाहू:

विझलेली चूल
पाहिलीस घरी
बसलास तरी
जेवायाला

इथे प्रकाश, आनंद, कृपा यांतला एकही शब्द नाही, पण कृपा काय असते ते ऊसतोडीहून परतलेल्या बाईलाही लगेच कळतं. ज्या घरात वाढायला काही नाही तिथे प्रभू पाहुणा म्हणून बसला. वचनातली वस्तू उचल, तिला आपल्या घरात आण, आणि तिचा अर्थ सांगायचा मोह टाळ. प्रवचन पाळक करतील.

यमकासाठी एक सवय लावून घे. चरणाच्या शेवटी नाम किंवा संबोधन येईल अशी शब्दांची फेरफार कर आणि क्रियापद आत ढकल. 'देवा' आणि 'दिवा' एकमेकांशी काहीतरी बोलतात. 'केला' आणि 'गेला' बोलत नाहीत. क्रियापदाचं यमक कधीच नको असं मी म्हणत नाही, संतांनीही ते वापरलं आहे. पण गीताच्या सगळ्या कडव्यांत तेच असेल तर समज, गीत अजून झालेलं नाही.

आता अक्षरांच्या उच्चाराबद्दल, आणि हा भाग गिटारवर गाणाऱ्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचा आहे. बोलताना आपण 'थांबलास' हा शब्द 'थांब्लास्' असा म्हणतो, दोन झटक्यांत. भजनात तोच शब्द थां-ब-ला-स असा चार अक्षरांनी उलगडतो. मधला आणि शेवटचा 'अ' पूर्ण उच्चारतात. म्हणून अभंगाची मोजणी लिहिलेल्या अक्षरांवर चालते. पण तुम्ही मुलं जी नवी गीतं गाता, त्यांत बोलण्यातला उच्चार ठेवता: 'देव' एकाच ठोक्यावर, 'तारण' दोन ठोक्यांत. दोन्ही रीती चांगल्या आहेत. एका गीतात दोन्हींची सरमिसळ झाली की मात्र मंडळी अडखळते, कारण पहिल्या कडव्यात 'जीवन' हा शब्द तीन ठोक्यांचा होता आणि तिसऱ्या कडव्यात दोनच ठोके मिळाले. तुझ्या दुसऱ्या गीतात नेमकं हेच झालं आहे. गीत सुरू करण्याआधीच ठरव: हे भजनाच्या रीतीने म्हणायचं की बोलण्याच्या रीतीने.

भाषांतरित गीतं तोंडात अवघडतात त्याचं मोठं कारणही उच्चारातच आहे. पाश्चात्त्य चालींत पुष्कळदा ओळ एका हलक्या सुरावर सुरू होते आणि दुसऱ्या अक्षरावर सम, म्हणजे तालाचा जोराचा पहिला ठोका, येते. इंग्रजीत त्या हलक्या जागी एखादा बारीकसा शब्द ठेवता येतो. मराठीत तसे शब्द आपल्याकडे कमी. मग भाषांतर करणारा तिथे 'येशू' ठेवतो आणि 'ये' हलका, 'शू' जोरात असं उलटंच ऐकू येतं. अशा चालीवर लिहायचं असेल तर ओळ ऱ्हस्वाने सुरू होऊन दीर्घावर जाणाऱ्या शब्दाने सुरू कर: कृपा, दया, क्षमा, प्रभू, पिता, तुझी, मला. समेवरूनच उठणारी चाल असेल तर देवा, येशू, बापा, राजा, आत्मा हे दोन दीर्घांचे शब्द घट्ट बसतात. 'करुणा' चा जोर शेवटी, 'जीवन' आणि 'तारण' यांचा सुरुवातीला. हे पाठ करायची गरज नाही. ओळ चालीशिवाय मोठ्याने, जशी आपण बोलतो तशी म्हण, कुठल्या अक्षरावर वजन पडतं ते बोटाने टेबलावर वाजव, आणि मग चालीतली सम त्याच अक्षरावर येते का ते बघ. 'कृपा' हा शब्द 'कृऽऽऽप' असा ऐकू आला की चाल बदलायची, नाहीतर शब्द.

म्हणूनच गीत लिहिताना पहिले काही दिवस गिटार बाजूला ठेव असं मी सांगते. गिटार वाईट म्हणून नाही. चार कॉर्ड फिरत राहिले की आपोआप एक भावना तयार होते, आणि त्या भावनेत कुठलीही ओळ चांगली वाटते. कॉर्ड बदलतो तिथे ओळ तुटते, मग अर्थ तिथे संपलेला असो वा नसो. शब्द आधी नुसत्या टाळांवर उभे राहू देत. गावाकडच्या कितीतरी मंडळ्यांत उपासनेच्या वेळी वीज असेलच असं नाही, कीबोर्ड तर नाहीच. तिथे जे गीत उभं राहतं, त्याला नंतर तू हवे तेवढे कॉर्ड दे.

आता एका गोष्टीवर जरा थांबते, कारण ती मराठी लिहिणाऱ्यालाच सोसावी लागते आणि फार थोडे तिचा विचार करतात. आपलं क्रियापद बोलणाऱ्याचं लिंग सांगतं. तू लिहिलंस 'तुझ्या चरणी मी येते', आणि चर्चमधले सगळे पुरुष त्या ओळीला गप्प झाले. जुन्या गीतांत बहुतेक 'येतो', 'गातो', 'तुझा मी दास' असं आहे. आमच्या आया-आज्या ते मनापासून म्हणत आल्या आणि मीही म्हणते. त्या गीतांना हात लावा असं मी कधी सुचवणार नाही. पण आज नवं गीत लिहिताना अर्ध्या मंडळीला दुसऱ्याचं क्रियापद म्हणायला लावण्याची गरज काय? भाषेतच वाटा आहेत. भविष्यकाळाचा 'मी' लिंग सांगत नाही: गाईन, येईन, राहीन. 'आम्ही येतो', 'आम्ही आलो' हे बायका आणि पुरुष दोघेही म्हणतात. 'मी पाहिले', 'मी ऐकले' या रूपांत लिंग कर्माचं असतं, बोलणाऱ्याचं नाही. 'तुझा मी' किंवा 'तुझी मी' यांऐवजी 'तुझे लेकरू मी' म्हटलं की सगळे त्यात आले, आणि शब्दही गोड आहे. वरच्या उंबऱ्याच्या आणि चुलीच्या कडव्यांत क्रियापद प्रभूचं आहे, म्हणणाऱ्याचं नाही. माणूस कोणीही असो, ओळ त्याची होते. ह्या बंधनाने गीत सुधारतंच, कारण 'मी काय करतो' यावरून लक्ष हटून 'त्याने काय केलं' याकडे वळतं.

ह्याला लागूनच दुसरी तपासणी. गीतात आपण कुणाशी बोलतो आहोत? 'हे बापा' म्हणून सुरुवात करायची आणि तिसऱ्या ओळीत 'वधस्तंभी तू मेलास' म्हणायचं, हे नवशिक्यांच्या गीतांत सारखं दिसतं. पिता मेला नाही, पुत्र मेला. घाईत लिहिलेली ओळ मंडळी पुढे कित्येक वर्षं म्हणत राहते आणि तिचा विश्वास त्या ओळीसारखा घडतो. प्रवचनातलं चुकीचं वाक्य सोमवारी विसरलं जातं. गीतातलं चुकीचं वाक्य नातवंडांपर्यंत जातं. म्हणून प्रत्येक कडव्याच्या बाजूला लिहून काढ: इथे बोलणारा कोण, ऐकणारा कोण. मध्येच 'तू' चा 'तो' झाला असेल तर तो मुद्दाम झाला आहे का ते बघ. स्तोत्र 23 मध्ये हा बदल आहेच: आधी परमेश्वराविषयी बोलणं, आणि मृत्युच्छायेच्या दरीत शिरल्यावर थेट 'तू माझ्याबरोबर आहेस'. तिथे त्या बदलातच स्तोत्राचा प्राण आहे. गीत झालं की पाळकांना दाखव, चालीसह नको, नुसता कागद दे.

आशयासाठी स्तोत्रसंहितेसारखा गुरू नाही, आणि ती लिहिण्याची रीतही शिकवते. इब्री कवितेत एक गोष्ट सांगून लगेच दुसऱ्या शब्दांत तीच पुढे नेतात. आपल्या ओवी-अभंगांतही हे सहज उतरतं, आणि मंडळीला ओळ पचवायला वेळ मिळतो. स्तोत्र 136 बघ: सव्वीस वचनं आणि प्रत्येकाच्या शेवटी 'त्याची दया सनातन आहे'. पुढाऱ्याने अर्धी ओळ म्हणायची, लोकांनी उरलेली. हेच आपलं ध्रुपद. ध्रुपदात गीताचं सगळं सार कोंबू नकोस; प्रत्येक कडव्यानंतर म्हणताना ते पुन्हा खरं वाटेल आणि दर वेळी कडव्यामुळे थोडं वेगळं ऐकू येईल, एवढं पुरे. तुझ्या तिसऱ्या गीतातलं ध्रुपद सहा ओळींचं आहे. त्यातल्या पहिल्या दोन ठेव.

आणि स्तोत्रांमध्ये विलाप किती आहे ते मोज एकदा. 150 पैकी तिसरा हिस्सा तरी रडण्याचा, तक्रारीचा, 'कोठवर?' असं विचारण्याचा आहे. स्तोत्र 88 तर अंधारातच संपतं. आपल्या नव्या गीतांत हे जवळजवळ नाहीच. सगळी गीतं विजयाची आणि आनंदाची. ज्या घरात पाऊस न पडल्यामुळे पेरणी वाया गेली आहे, ज्या आईचं मूल दवाखान्यात आहे, ती माणसं रविवारी येतात आणि आपण त्यांच्या तोंडी टाळ्यांचं गीत देतो. मला हे मनापासून खुपतं. देवापुढे रडण्याचे शब्द मंडळीला हवे आहेत आणि ते देणं हे गीत लिहिणाऱ्याचं काम आहे. लिहिण्याआधी पाळकांना विचार: कुठल्या प्रसंगी आपल्याकडे गीत नसतं? बहुतेक ठिकाणी उत्तरं सारखीच येतील: अंत्यविधी, आजाऱ्याच्या घरची प्रार्थना, पापकबुली, बाप्तिस्मा. स्तुतीची गीतं भरपूर आहेत. गरज आहे तिथे लिही. गीत वापरलं जाईल आणि वापरातूनच घडेल. वसईकडच्या कॅथलिक बंधु-भगिनींकडून इथे शिकण्यासारखं आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 साली लोकभाषेला उपासनेत वाट दिली, आणि तिथे मिस्सेच्या, म्हणजे त्यांच्या उपासनाविधीच्या, प्रत्येक टप्प्यासाठी मराठी गीतं लागू लागली: प्रवेशाचं, अर्पणाचं, कम्युनियनच्या वेळचं. जागा ठरलेली असली की गीत किती लांब हवं, किती शांत हवं, हे प्रश्न आपोआप सुटतात.

चालीबद्दल थोडक्यात सांगते, कारण ती तू माझ्यापेक्षा लवकर शिकशील. मंडळीसाठी चाल सा पासून वरच्या रे पर्यंत, म्हणजे नऊ सुरांत ठेव, आणि सा पेटीवर पांढरी एक किंवा फार तर काळी एक. बायका आणि पुरुष एका सप्तकाच्या अंतराने हीच पट्टी आरामात गातात. वरचा सा कडव्यात एखाद्या वेळी येऊ दे, सारखा तिथे राहू नकोस. मोठ्या उड्या टाळ. भूपासारखे पाच सुरांचे राग मंडळी पटकन उचलते. काफी आणि पिलू कानात आधीपासून असतात. ताल केरवा, दादरा किंवा भजनी ठेका. सातांचा रूपक देखणा आहे, पण टाळ्या वाजवणाऱ्या मंडळीला तो पेलत नाही. सिनेगीताच्या चालीवर शब्द बसवू नकोस: लोक 'हालेलुया' म्हणतील आणि डोळ्यांपुढे नटी येईल.

शब्दांच्या निवडीत दोन खड्डे आहेत. एक, पदव्यांचा ढीग: पतितपावन, दीनदयाळ, करुणासागर, सगळं एकाच ओळीत. यातला प्रत्येक शब्द मोलाचा आहे, म्हणूनच एका गीतात एक घे आणि बाकीचं गीत त्या एकाचा पुरावा होऊ दे. दुसरा खड्डा उलट बाजूचा: रोजच्या बोलण्याच्या नावाखाली गीत जाहिरातीच्या भाषेत उतरतं, 'तू किती ग्रेट आहेस' असं. मंडळीची मराठी या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे. लक्ष्मीबाई टिळकांची स्मृतिचित्रे वाच. तिथे गीतं शिकायला मिळणार नाहीत, पण साधं, घरातलं मराठी किती भार पेलू शकतं ते कळेल. नवऱ्याच्या, म्हणजे ना. वा. टिळकांच्या, मृत्यूनंतर त्यांचं अर्धवट राहिलेलं ख्रिस्तायन हे ख्रिस्तावरचं महाकाव्य पुरं करायला त्या बसल्या, ते ह्याच मराठीच्या बळावर.

रोजचा सराव काय करायचा? उपासना संगीत हे आपलं गीतपुस्तक उघड आणि दररोज एक जुनं गीत हाताने वहीत उतरव. टाईप करू नकोस. उतरवताना प्रत्येक चरणाची अक्षरं बाजूला लिही, यमकाखाली रेघ ओढ, बोलणारा-ऐकणारा लिही, आणि आधाराचं वचन शोध. काही आठवड्यांत माप कानात बसेल आणि बोटं मोडून मोजायची गरज उरणार नाही. जी गीतं मंडळी पुस्तकाकडे न बघता म्हणते त्यांच्यापाशी जास्त वेळ थांब. ती का टिकली? बहुतेकदा पहिला चरण संपूर्ण वाक्य असतो, लहानसा, कुठेही न अडणारा.

लिहून झालेलं गीत रविवारच्या उपासनेत एकदम नेऊ नकोस. आधी घरच्या प्रार्थनेत, मग महिला मंडळात. तिथे कागद वाटू नकोस. एक ओळ तू म्हण, पाठोपाठ त्यांना म्हणू दे. आता फक्त ऐक. कुठे श्वास तुटला? कुठला शब्द त्यांनी बदलून म्हटला? हा बदल फार मोलाचा असतो. सगळ्या जणी तुझ्या 'मजसी' चा 'मला' करत असतील तर त्यांचं बरोबर आहे, तुझ्या वहीत दुरुस्ती कर. कुठलं कडवं म्हणताना आवाज बारीक झाला? एकतर ते कळलं नाही, नाहीतर खोटं वाटलं. पुढच्या बैठकीत न सांगता सुरुवात करून बघ. ध्रुपद त्यांनी स्वतःहून उचललं तर गीत जिवंत आहे. नाही उचललं तर ते ठेवून दे आणि त्यातली चांगली ओळ पुढच्या गीतासाठी राखून ठेव.

हक्कांचं तू विचारलं होतंस, तेवढं सांगते. आपल्याकडे कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात. टिळक 1919 साली गेले, त्यामुळे त्यांच्या शब्दांना नवी चाल लावायला अडचण नाही. आजच्या एखाद्या इंग्रजी किंवा हिंदी गीताचं भाषांतर छापायचं किंवा रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकायचं असेल तर मूळ हक्कदाराची परवानगी घ्यावी लागते. चाल आणि शब्द यांचे हक्क वेगवेगळे असू शकतात, दोन्हींची चौकशी कर. तुझ्या स्वतःच्या गीतांवर नाव आणि वर्ष घाल. मंडळी हाताने उतरवून घेते तेव्हा नाव पहिल्यांदा गळतं, आणि मग कुठला पाठ मूळचा हे शोधणं कठीण होतं.

आता कामाला लाग. स्तोत्र 13 घे. सहाच वचनं आहेत: आधी तक्रार, मग मागणं, शेवटी भरवसा. त्याचं मोठ्या अभंगात चार कडव्यांचं गीत कर, गिटारशिवाय, 'येतो-येते' न वापरता, आणि क्रियापदाचं यमक जास्तीत जास्त एकाच कडव्यात ठेवून. पहिल्या दोन वचनांत 'कोठवर' हा प्रश्न चार वेळा येतो. अक्षरं मोज: को-ठ-व-र. बरोबर चार, म्हणजे अभंगाचा चौथा चरण तुला दाविदाने तयारच दिला आहे. पहिल्या कडव्यात त्याच्याकडे जाणारे सहा-सहा-सहा तू शोध. शेवटच्या कडव्यात त्या चार अक्षरांच्या जागी काय यावं, हा या अभ्यासाचा सगळ्यात कठीण भाग आहे. त्याला वेळ दे, दोन-तीन पर्याय लिही आणि सगळे मला पाठव. आणि महिला मंडळात म्हणून पाहिलंस की कुठल्या ओळीला आवाज बारीक झाला, तेही कळव.